सेरेंगेटीतले प्राणी: तुमचे नेहमीचे प्रश्न, काही अडचणीचेही

आम्ही दरवर्षी आठ-दहा जणांचा गट घेऊन टांझानियाला जातो. निघायच्या आधी, परत आल्यावर, आणि टीव्हीवर काही पाहिलं की मध्येच केव्हाही, प्रश्न येतात. बरेचसे तेच तेच असतात. फोनवर तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून इथे लिहून ठेवले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे जरा गुंता वाढतो.

१. सेरेंगेटी म्हणजेच मसाई मारा ना?

नाही. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान टांझानियात आहे, सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडंसंच लहान. मसाई मारा त्याला लागून उत्तरेला, केनियात, साधारण १,५१० चौरस किलोमीटर. दोन्ही देशांच्या सीमेवर कुंपण नाही, त्यामुळे पासपोर्टची अडचण फक्त आपल्याला. सेरेंगेटीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९५१ मध्ये मिळाला आणि जागतिक वारसा यादीत ते १९८१ मध्ये आलं. नाव मसाई भाषेतल्या 'सिरिंगेट'वरून आलं असं सांगतात: जिथे जमीन संपतच नाही अशी जागा. नाबी हिल गेटपाशी टेकडीवर चढून दक्षिणेकडे पाहिलं की नावाबद्दल कोणी वाद घालत नाही.

२. वाघ दिसेल का?

नाही. आफ्रिकेत वाघ नाहीत. (हा प्रश्न विचारायला लाजू नका, दर गटात एकजण विचारतोच.)

३. पाच दिवसांत 'बिग फाइव्ह' नक्की दिसतील का?

सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस आणि गेंडा. ही यादी शिकाऱ्यांनी केली होती. पायी शिकार करताना जे पाच प्राणी उलटून जीव घेऊ शकतात, ते हे. आकाराशी किंवा सौंदर्याशी तिचा संबंध नाही, म्हणून तर जिराफ, चित्ता आणि पाणघोडा त्यात नाहीत.

सिंह, हत्ती आणि रानम्हैस पाच दिवसांत बहुधा दिसतातच. बिबट्यासाठी सेरोनेरा नदीकाठची झाडं हळूहळू पाहत जावं लागतं. फांदीवरचा बिबट्या शोधू नका, खाली लोंबणारी शेपूट शोधा. गेंडा अवघड. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत चोरट्या शिकारीने इथले काळे गेंडे जवळजवळ संपवले. आता मोरू खडकांच्या भागात पहाऱ्यात जपलेले थोडे आहेत. गेंडाच पाहायचा असेल तर शेजारच्या गोरोंगोरो विवरात नशीब जास्त साथ देतं.

ताडोबाची सवय असलेल्यांना एक विनंती. तिथे 'साइटिंग झालं का?' म्हणजे वाघ दिसला का, एवढाच अर्थ असतो. ती सवय इथे घेऊन आलात तर गाडीसमोरून जाणारे दहा हजार प्राणी दिसूनही तुमचा दिवस वाया गेलेला असेल.

४. चित्ता आणि बिबट्या ओळखायचा कसा?

चेहरा पाहा. चित्त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून ओठांपर्यंत काळी रेघ उतरते, काजळ ओघळल्यासारखी. बिबट्याला ती नसते. चित्त्याचे ठिपके भरीव, बिबट्याचे फुलांसारखे, मध्ये मोकळे. चित्ता उघड्या माळावर वारुळावर बसून दिवसाढवळ्या टेहळणी करतो. बिबट्या झाडावर किंवा झुडपात. चित्ता डरकाळी फोडत नाही. पिल्लांना बोलावताना तो पक्ष्यासारखा चिवचिव करतो, आणि पहिल्यांदा ऐकणारा हमखास वर झाडाकडे बघतो.

भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष जाहीर झाला आणि २०२२ मध्ये कुनोत चित्ते आणले गेले ते नामिबियातून, सेरेंगेटीतून नव्हे. हेही बरेच जण विचारतात.

५. 'ग्रेट मायग्रेशन' म्हणजे नेमकं काय? ते कुठून कुठे जातात?

सुमारे तेरा लाख विल्डबीस्ट (गुरांसारख्या अंगाची मोठी हरणं), दोनेक लाख झेब्रे आणि लाखो थॉमसन गझेल (लहान हरणं) वर्षभर एका मोठ्या वर्तुळात फिरत असतात. ते 'इथून निघून तिथे पोचत' नाहीत. सुरुवात नाही, शेवट नाही.

बऱ्याच लेखांत याला वारीची उपमा देतात. मला ती पटत नाही. वारीला पंढरपूर असतं. यांना मुक्कामाचं गावच नाही. जवळची उपमा हवी असेल तर आपल्या धनगरांची घ्या: पाऊस आणि चारा बघून वाडा हलवणारे, देशावरून कोकणात आणि पुन्हा देशावर.

कारणही चाऱ्याचंच. दक्षिणेकडच्या माळावर ओल दोइन्यो लेंगाई आणि आसपासच्या ज्वालामुखींची राख पिढ्यान्‌पिढ्या पसरली आहे. त्या मातीतलं आखूड गवत कॅल्शियम आणि फॉस्फरसने समृद्ध असतं, दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं हवं तसं. पण तिथे पाऊस कमी आणि पावसाळा सरला की पाणी संपतं. उत्तरेला पाऊस जवळजवळ दुप्पट आणि मारा नदी बारमाही, पण गवत उंच, राठ, कमी कसाचं. म्हणजे चांगलं जेवण एकीकडे, खात्रीचं पाणी दुसरीकडे. सगळी पायपीट या दोहोंमधली आहे.

ढोबळ वेळापत्रक असं: डिसेंबर ते मार्च दक्षिणेकडचे माळ, एप्रिल-मे मध्य भाग, मे-जून पश्चिमेकडे ग्रुमेती नदी, जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला मारा नदीच्या दोन्ही काठांवर, नोव्हेंबरच्या सरींबरोबर परत दक्षिण. 'ढोबळ' हा शब्द का वापरला ते प्रश्न ७ मध्ये.

६. विल्डबीस्टांच्या कळपात झेब्रे कशाला घुसलेले असतात?

घुसलेले नसतात, पंगत असते ती. झेब्रा गवताचा उंच, राठ शेंडा आणि दांडे खातो. त्यामुळे खालचं पान उघडं पडतं, ते विल्डबीस्ट खातात. त्यांनी माळ कातरल्यावर जमिनीलगतची कोवळी फूट गझेलला मिळते. एकाच ताटातलं तिघं वेगवेगळं खातात, म्हणून भांडण होत नाही.

७. नदी ओलांडताना पाहायचं आहे. ऑगस्टमधली नक्की तारीख सांगा, तिकीट काढायचं आहे.

तारीख कोणीच सांगू शकत नाही. जो सांगतो तो तिकीट विकतोय. जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत उत्तरेला कोगातेंदे भागात किमान तीन रात्री राहा, यापलीकडे सल्ला नाही. कळप एकदाच नदी ओलांडतो हाही गैरसमज आहे. पलीकडे सर पडली की तिकडे, इकडे पडली की पुन्हा इकडे. त्याच आठवड्यात तेच प्राणी दोन-तीनदा पाण्यात उतरलेले पाहिले आहेत.

एका ऑगस्टमधली आमची हकिकत सांगतो. सकाळी सातला काठावर पोचलो. पलीकडे चार-पाच हजारांचा कळप, 'ग्नू... ग्नू' असा बेडकांसारखा आवाज सतत चालू. साडेनऊला पुढचे काही खाली पाण्यापर्यंत आले. एक झेब्रा पुढे झाला, तोंड पाण्याला लावलं, मान वर केली, आणि कशाला बिचकला देव जाणे, गर्रकन फिरला. त्याच्या मागे सगळा कळप धूळ उडवत वर. असं चारदा झालं. मध्ये आमच्या शेजारची एक गाडी फोटोसाठी थेट त्यांच्या उतरायच्या वाटेवर जाऊन थांबली. दोन वाजता कळप सावलीला गेला आणि आम्ही पराठे काढले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी नऊ वाजता पोचलो, तर इंजिन बंद करायच्या आतच पहिला पाण्यात पडला होता. मग वरून उड्या, खालून धडपड, पाण्यात नुसत्या माना आणि शिंगं. सगळा खेळ दहा-बारा मिनिटांचा. गटातल्या एका काकूंनी कॅमेरा मांडीवरच ठेवला होता. त्यांना सगळ्यात जास्त आठवतं.

८. नदीत बुडून मेलेल्यांचं काय होतं? मगरी सगळे खातात का?

मगरींना त्यातला थोडाच भाग पुरतो. बहुतेक विल्डबीस्ट मगरीच्या जबड्यात जात नाहीत, चेंगरून आणि बुडून मरतात. मारा नदीवरच्या अभ्यासात वर्षाला सरासरी सहा हजारांहून जास्त मृत्यूंचा हिशेब लागला. ते मांस गिधाडं, मराबू करकोचे, मगरी आणि मासे खातात. उरलेली हाडं नदीच्या तळाशी वर्षानुवर्षं हळूहळू विरघळतात आणि पाण्याला फॉस्फरस पुरवत राहतात. काठावर घाण वास येतो, रुमाल ठेवा. पण ते नदीचं खत आहे, नासाडी नाही.

९. शाळेच्या सुट्टीमुळे ऑगस्ट जमत नाही. फेब्रुवारीत काही असतं का?

मला विचाराल तर फेब्रुवारीच जास्त आवडतो. दक्षिणेकडे न्दुतूच्या माळावर दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात. सगळ्या माद्या एकाच सुमारास वितात, कारण सिंह आणि तरस मिळून दिवसाला खाणार तरी किती? शत्रूचं पोट भरून जातं आणि बाकीची वाचतात. पिल्लू पाच-सात मिनिटांत उभं राहतं. पाय लटपटत असतात, वार अजून आईला लोंबत असते, आणि ते चालायला लागलेलं असतं.

१०. एवढे विल्डबीस्ट पूर्वीपासूनच होते का?

नव्हते. आणि सेरेंगेटीबद्दल एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

आपल्या आजोबा-पणजोबांना 'बुळकांडी' हा शब्द माहीत होता. गोठेच्या गोठे रिकामे करणारा गुरांचा रोग. तो १८८० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत शिरला. इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर आला, आणि ती गुरं भारतातली होती, असं मानलं जातं. काही वर्षांत आफ्रिकेतली बहुसंख्य गुरं मेली, त्यांच्यावर जगणारे मसाई उपाशी मेले, आणि विल्डबीस्ट व रानम्हशीही मेल्या. पुढची सत्तर वर्षं तो रोग वन्य कळपांत दरवर्षी पिल्लांचा बळी घेत राहिला.

मग उद्यानाच्या भोवतालच्या गुरांना लस टोचायला सुरुवात झाली. एकाही विल्डबीस्टला सुई लावली नाही, फक्त गाईंना. १९६० च्या दशकात रोग वन्य प्राण्यांतूनही गेला. १९६१ च्या सुमारास अडीच लाखांवर असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेले.

गोष्ट इथे थांबत नाही. एवढी तोंडं गवत खाऊ लागल्यावर उन्हाळ्यात जळायला गवतच कमी उरलं. वणवे कमी झाले. वणवे कमी झाल्यावर बाभळीची रोपं जगली, झाडं वाढली, म्हणजे जिराफांना पाला आला. आज तुम्ही ज्या झाडाखाली जिराफाचा फोटो काढता, ते झाड कदाचित साठ वर्षांपूर्वी गाईला टोचलेल्या सुईमुळे उभं आहे. बुळकांडी जगातूनच संपल्याची घोषणा २०११ मध्ये झाली.

११. मग सेरेंगेटीत झाडं एवढी कमी का?

मध्य आणि उत्तर भागात बरीच आहेत. दक्षिणेकडच्या माळावर नाहीत, कारण राखेतला चुना मुरून खाली फरशीसारखा कडक थर झाला आहे. गवताची मुळं वरच्यावर भागवतात, झाडाची मुळं तो थर फोडू शकत नाहीत. माळात मधूनच उगवलेले ग्रॅनाइटचे ढीग दिसतात, त्यांना 'कोपये' म्हणतात. त्यांच्या भेगांत माती आणि पाणी साठतं म्हणून तिथे मात्र झाडं. सिंहिणी पिल्लं तिथेच लपवतात.

१२. तरस दुसऱ्यांची शिकार चोरतो ना?

बिचाऱ्याची बदनामी फार झाली आहे. सेरेंगेटीतला ठिपक्यांचा तरस आपलं बहुतेक अन्न स्वतः मारून खातो. १९६० च्या दशकात इथे आणि गोरोंगोरोत रात्री जागून झालेल्या अभ्यासात दिसलं, की पहाटे सिंह खाताना आणि तरस भोवती ताटकळताना दिसले तर पुष्कळदा शिकार तरसांनी केलेली असते आणि सिंहांनी हिसकावलेली. आपण उजाडल्यावर पोचतो आणि चोराला मालक समजतो.

त्यांच्या टोळीत राज्य माद्यांचं. त्या नरांपेक्षा मोठ्या असतात, आणि मुलीला आईच्या खालोखाल मान मिळतो. हाडं चावून खात असल्याने त्यांची विष्ठा वाळल्यावर खडूसारखी पांढरी होते; रस्त्याकडेला दिसली की गाईडला विचारू नका, तरसाचीच आहे. आपल्याकडे माळरानावर असतो तो पट्ट्यांचा तरस वेगळा: एकांडा, लाजाळू आणि मुख्यतः मेलेलं खाणारा.

१३. झेब्र्याला पट्टे कशासाठी? आणि गडद निळे कपडे घालू नका असं का सांगता?

दोन्हीचं उत्तर एकच: माशी. आज सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो चावणाऱ्या माश्यांचा. पट्ट्यांवर त्यांना नीट उतरता येत नाही. घोड्यांवर पट्ट्यांची झूल घालून केलेल्या प्रयोगातही झुलीवर माश्या कमी बसल्या. सिंहाला फसवण्यासाठी पट्टे ही जुनी समजूत मागे पडली आहे.

त्सेत्से माशीला गडद निळा आणि काळा रंग ओढून घेतो. झाडीच्या भागात रस्त्याकडेला निळी-काळी फडकी टांगलेली दिसतील, ते तिचे सापळे आहेत. जीन्समधूनही चावते आणि डास पळवायच्या मलमाला फारशी जुमानत नाही. खाकी, मातकट, फिकट हिरवं घाला.

१४. उघड्या छपराच्या गाडीत सिंह उडी मारत नाही का?

गाडी त्याला एक मोठा, वास मारणारा, खाण्याजोगा नसलेला प्राणी वाटते. जोवर तुम्ही त्या आकृतीचा भाग आहात तोवर तो लक्षही देत नाही. दुपारी गाडीच्या सावलीत येऊन झोपलेले सिंह पाहिले आहेत. मग तो उठेपर्यंत गाडी हलत नाही. पण दार उघडून पाय खाली टाकला की आकृती मोडते आणि तुम्ही दोन पायांचा प्राणी होता. म्हणून ठरवलेल्या जागांशिवाय उतरायचं नाही. 'फक्त एक मिनिट, झुडपामागे' यालाही अपवाद नाही. गाईडला आधी सांगा, तो मोकळी जागा बघतो.

रात्री तंबूतून जेवणाच्या जागी जाताना 'अस्करी', म्हणजे पहारेकरी, सोबत हवाच. छावण्यांना कुंपण नसतं. पाणघोडे रात्री चरायला बाहेर पडतात, आणि तो व पाणी यांच्या मध्ये सापडणं ही सिंहापेक्षा वाईट वेळ.

१५. एका गटाने गाडी थेट गवतात घालून चित्त्यापर्यंत नेली. आमच्या गाईडने नाही नेली. पैसे दिले तर नेतात का?

देऊ नका. उद्यानात रस्ता सोडायला बंदी आहे. गोंधळ होतो तो न्दुतूमुळे: ते उद्यानात नाही, गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात येतं, आणि तिथे काही भागांत रस्ता सोडायला परवानगी असते. मित्राचे फोटो तिथले असतील. चित्ता दिवसा शिकार करतो, त्यामुळे गाड्यांच्या गराड्याचा त्रास त्यालाच जास्त.

१६. चिखलात अडकलेलं पिल्लू आमच्यासमोर मेलं. गाईडने मदत का केली नाही?

हा प्रश्न परत आल्यावर येतो, बहुधा रात्री उशिरा. निसर्गाने आणलेल्या मरणात हात घालायचा नाही हा नियम आहे. त्या पिल्लावर त्या रात्री कोणाची तरी पिल्लं जेवली. पण माणसाने आणलेल्या मरणाला हा नियम लागू नाही. चोरट्या शिकारीसाठी लावलेले तारेचे फास काढत फिरणारी पथकं आहेत, आणि गळ्यात तार रुतलेला प्राणी दिसला तर पशुवैद्यक येतात. असा दिसल्यास जागा लक्षात ठेवून गाईडला लगेच सांगा. सीमारेषा नेहमी एवढी स्वच्छ नसते: १९९४ मध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपरने इथले सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. तो रोग वस्तीतल्या कुत्र्यांचा. त्यानंतर आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांना लस द्यायला सुरुवात झाली. पुन्हा सुईच (प्रश्न १०).

१७. उद्यानात मसाई लोक राहतात का?

आत नाही. पूर्वी राहायचे. १९५९ मध्ये गोरोंगोरो वेगळं काढलं आणि सेरेंगेटीतल्या मसाईंना तिकडे हलवलं, गुरं चारता येतील या बोलीवर. 'माणूस नसलेलं आदिम जंगल' असं माहितीपत्रकांत छापतात ते खरं नाही. मोरू खडकांवर त्यांच्या ढालींची लाल-पांढरी चित्रं अजून आहेत. गोरोंगोरोतल्या त्यांच्या राहण्याचा वाद आजही मिटलेला नाही.

१८. पक्षी बघायला कोणी येतं का?

या, आणि वेगळी गाडी मागा, नाहीतर सिंहवाले तुम्हाला शाप देतील. कोरी बस्टर्ड म्हणजे आपल्या माळढोकाचा सख्खा चुलत भाऊ, इथे गाडीतून सहज दिसतो. नान्नजला माळढोकासाठी उन्हात बसलेल्या माणसाला ते पाहून बरं वाटतं आणि वाईटही.

१९. 'सिम्बा' हा शब्द आपल्या 'सिंह'वरूनच आला ना?

ऐकायला छान आहे, पण नाही. तो बांटू भाषांचा स्वतःचा शब्द आहे. दूर झिंबाब्वेतल्या शोना भाषेतही सिंहाला 'शुम्बा' म्हणतात. आपल्याकडून गेलेले शब्द हवे असतील तर गाईड गाडीला काय म्हणतो ते ऐका: 'गारी'. आणि न्याहारीला 'चपाती'.

२०. पिवळ्या तापाची लस लागतेच का?

नैरोबीमार्गे जाणार असाल तर घ्याच. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत केनिया आहे, आणि परत येताना मुंबईला लसीचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की जन्मभर चालते. मलेरियाच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, आम्हाला नको. आणि पिवळं कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टला रबर बँड लावून ठेवा.